मृदंगाचा डावा हात

गोपालकृष्णांनी स्वतः बांधलेल्या स्पीकरमधून मृदंगाचा फक्त उजवा हात ऐकू येत होता. डाव्या हाताचं ते पोटातून येणारं ‘धुम्’ गायब. तंजावुरात कॉलेजातल्या मुलांना ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शोभणारं नव्हतं.

त्यांनी दोष स्पीकरच्या लाकडी पेटीला दिला. पेटी लहान म्हणून नाद लहान, हे कागदावर सिद्धही केलं. फणसाच्या फळ्या आणून पेटी दुप्पट केली आणि दिवाणखान्याच्या मधोमध आपल्या खुर्चीत बसून ऐकलं. धुम् नाही. मग बायकोच्या फडताळाच्या फळ्या पेटीला लागल्या. विज्ञानासाठी वत्सलाबाईंनी एवढा त्याग आनंदाने केला, असं ते सर्वांना सांगत. बाईंना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

वत्सलाबाईंनी एकदा सांगून पाहिलं, “कोपऱ्यात उभं राहून पाहा की. तेथे अस्कं ऐकायला येते, धुम् सुद्धा.”

त्यावर गोपालकृष्णांनी कानाला होणाऱ्या भासांवर व्याख्यान दिलं. खुर्चीतूनच. कोपऱ्यापर्यंत चालत जाण्याची शास्त्राला गरज वाटली नाही.

पेटी आणखी वाढली. अखेर त्यांनी तिरुवैयारूहून मृदंगविद्वान वैद्यनाथरावांना बोलावलं, त्यांचीच रेकॉर्ड ऐकायला. म्हाताऱ्याने आधी पेटीला भाताची कणगी समजून यंदाच्या पिकाची चौकशी केली. मग मानाच्या खुर्चीत बसून ऐकू लागला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“माझा डावा हात कोठे गेला?” तो हळूच म्हणाला. “जन्मभर घासलेला हात तो.”

तो उठला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात वहाणा घालायला गेला. एक वहाण पायात गेली आणि तो थबकला. धुम्. दोन पावलं मागे आला, गेलं. पुन्हा कोपऱ्यात, धुम्.

“गोपालकृष्णा, येथे ये. हात सापडला.”

गोपालकृष्णांना जावंच लागलं. भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले, आणि नाद छातीत घुमला. क्षणभर ते नुसते ऐकत राहिले. शास्त्र वगैरे काही आठवलं नाही. मग आठवलं.

वत्सलाबाईंना हाक मारून त्यांनी समजावून सांगितलं, की दोष खोलीचा. खालचे स्वर भिंतींवर आपटून परततात, कोपऱ्यात फुगतात, मधोमध एकमेकांना मारतात. आपल्याला हा संशय पहिल्यापासून होता.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग पेटी कशाला वाढवली?”

गोपालकृष्णांना एकदम कॉलेजातला तास आठवला. छत्री घेऊन ते लगबगीने निघाले. त्या दिवशी रविवार होता.