शास्त्रीबुवांच्या मोटारीचं जन्मसाल

पारनेरच्या नृसिंहशास्त्र्यांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि आलाच तर त्याची पत्रिका शास्त्रीबुवाच मांडणार होते! निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. बारसं असो, मुंज असो की विहिरीचं खोदकाम, त्यांनी पंचांग उघडल्याशिवाय तालुक्यात पान हलत नसे. त्यात लढाई संपल्यावर त्यांनी मोटार घेतली. मग तर विचारूच नका!

नगरच्या छावणीतला एक गोरा साहेब चंबूगबाळं आवरून विलायतेला निघाला होता. त्याला आपली अमेरिकन मोटार विकायची होती. "एकोणचाळीसचं मॉडेल," साहेब म्हणाला. शास्त्रीबुवांनी इंजिनाचं झाकण उघडायला लावलं, आत डोकं घातलं आणि पत्र्यावर ठोकलेली तारीख वाचली. ऑक्टोबर, अडतीस. झालं! त्यांनी साहेबाला असा फैलावर घेतला की ज्याचं नाव ते. साहेबाला बोटीची घाई. त्यानं भाव पाडला आणि आपली सुटका करून घेतली.

"अडतीसच्या आश्विनात जन्मलेली मोटार एकोणचाळीसची होईलच कशी?" ही कथा शास्त्रीबुवा पुढं प्रत्येक पंगतीत सांगत. "जन्म तो जन्म! इंग्रज सगळ्या देशाला बनवून गेला, पण नृसिंहशास्त्र्यापुढं त्याची डाळ शिजली नाही!" ऐकणारे माना डोलवत, कारण बासुंदी अजून वाढायची असे.

अशात त्यांच्या मुलीचं, इंदूचं, लग्न ठरलं. मुलगा श्रीरामपूरकडचा, राधाकृष्ण नावाचा, साखर कारखान्यात नोकरीला. तिथल्या ट्रकांच्या आणि मोटारींच्या सुट्या भागांची कोठी त्याच्या ताब्यात. त्याचे वडील काकासाहेब म्हणाले, "आम्ही आदल्या दिवशीच येऊन राहतो."

"छे छे! घरची मोटार असताना?" शास्त्रीबुवा म्हणाले. "लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं नगरला उतरा. दुपारी पारनेरात सीमांतपूजन आणि संध्याकाळी गोरज मुहूर्तावर अक्षता. मी स्वतः न्यायला येतो."

वधूपित्यानं शब्द दिला आणि पुढच्याच आठवड्यात मोटारीचा ॲक्सल मोडला! ड्रायव्हर भिमाजी खालून बाहेर आला तो डोक्याला हात लावूनच. "मालक, चाकं फिरवनारा दांडाच गेला. आता हिला ढकलायची, न्हाईतर पुजायची."

शास्त्रीबुवांच्या पत्नी प्रेमलाबाई सरळ मनाच्या. त्या म्हणाल्या, "अहो, जावईबापूंना विचारा की. कोठीच त्यांच्या हातात आहे."

"वधूपित्यानं वरपक्षाकडं हात पसरायचा?" शास्त्रीबुवा कडाडले. "उद्या म्हणतील, मुलीबरोबर मोटारही आमच्याच गळ्यात बांधली! त्यांना यातलं अक्षरही कळता कामा नये."

आणि ते स्वतः पुण्याला गेले. दुकानदारानं विचारलं, "मॉडेल कुठलं?"

"अडतीस! जन्म ऑक्टोबरातला."

"ऑक्टोबरातली? मग ती एकोणचाळीसची असेल, महाराज. दांड्याचे दाते बदललेत त्यात."

"तुम्हीही त्या साहेबाच्याच पंथातले वाटतं!" असं म्हणून शास्त्रीबुवांनी जन्मकाळ, संवत्सर आणि व्यापाऱ्यांची नीती यांवर असं काही निरूपण केलं की मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. दुकानदारानं अडतीसचा ॲक्सल गोणपाटात गुंडाळून त्यांच्या हवाली केला आणि हात जोडले. शास्त्रीबुवांना वाटलं, पटलं त्याला!

नगरच्या गहिनीनाथ मिस्त्रीनं ॲक्सल लावून पाहिला. जाईना. उलटा करून पाहिला. तरी जाईना!

"दाते जुळंनात," मिस्त्री म्हणाला. "पन घाबरू नका. या गहिनीनाथाच्या कानशीपुढं अमेरिका काय चीज हाय? घासून बसवतो!" आणि त्यानं घासला, ठोकला, शिव्या दिल्या, पुन्हा घासला. अखेर दांडा आत गेला, मोटार चालली, आणि शास्त्रीबुवांनी नारळ फोडला.

लग्नाच्या दिवशी नगर स्टेशनावर त्यांचा थाट काय वर्णावा! वऱ्हाड, सामान आणि सनईवाले त्यांनी भाड्यानं उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारीनं पुढं धाडले. नवरदेव आणि त्याचे आईवडील मात्र घरच्या मोटारीत. वाटेत साहेबाला पकडल्याची कथाही सांगून झाली. नवरदेवानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सासऱ्यांच्या कथेत शिरायला फट कुठं होती!

भाळवणी मागं पडली आणि कडाड् असा आवाज झाला. इंजिन जोरजोरात ओरडत होतं, मोटार जागची हलत नव्हती.

राधाकृष्ण मुंडावळ्या कानामागं सारून खाली उतरला. तुटका दांडा पाहून म्हणाला, "हा तर अडतीसचा! मामा, गाडी एकोणचाळीसची आहे. साहेब खरं बोलत होता. कंपनी पुढच्या सालचं मॉडेल आदल्या दसऱ्यालाच बाजारात आणते, गिऱ्हाइकाला नवं वाटावं म्हणून. पत्र्यावरची तारीख बांधणीची. सुटे भाग घ्यायचे ते मॉडेलच्या सालावर."

शास्त्रीबुवा वाकून तुटक्या दांड्याचे दाते मोजू लागले.

"आमच्या कोठीत एकोणचाळीसचा दांडा धूळ खात पडलाय," जावई फारच नम्रपणे म्हणाला. "नुसता निरोप धाडला असता तर येताना घेऊन आलो असतो."

शेवटी पुंजाराम नावाचा शेतकरी आपली बैलजोडी घेऊन आला. मोटारीभोवती फिरून म्हणाला, "वढत्यात की बैल! पन हिला वेसन कुठं घालायची?" भिमाजीनं सोलाचा जाड दोर बांधला आणि वरात निघाली. पुढं बैल, मागं मोटार, आत विहीणबाई. त्या रस्ताभर बैलांच्या शेपट्यांकडं बघत होत्या, आणि त्याचीच शास्त्रीबुवांना जास्त धास्ती वाटत होती.

पारनेरच्या मांडवात पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि गोरज मुहूर्त गाईंबरोबर केव्हाच घरी गेला होता. भिमाजीनं वाटेतली हकीगत, जावयाच्या खुलाशासकट, आत बायकांना सांगूनही टाकली.

"आता?" काकासाहेबांनी विचारलं.

शास्त्रीबुवांनी पंचांग उघडलं. "उद्या संध्याकाळी... उत्तम मुहूर्त आहे."

"उद्या सकाळी याला कारखान्यात हजर व्हायचंय. हंगाम चालू आहे. आज अक्षता पडत नसतील तर आम्ही परत निघतो. पुढचं पुढं बघू."

'पुढचं पुढं बघू'चा अर्थ मांडवातल्या लेकरांनाही कळला. प्रेमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शास्त्रीबुवांच्याही ते ध्यानात आलं. आपल्या दीडशहाणपणापायी पोरीचं लग्न मोडणार!

तेवढ्यात बोहल्यामागून इंदू हळूच म्हणाली, "बाबा, पुढच्या सालची मोटार आधीच निघते ना? मग उद्याचा मुहूर्त आज नाही का काढता येणार?"

जन्म तो जन्म म्हणणारे नृसिंहशास्त्री पंचांगाकडं बघत राहिले. मग पंचांग मिटून ते खाकरले.

"शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले. "उद्याचा मुहूर्त आज धरता येतो. अंतरपाट धरा!"

"कुठल्या शास्त्रात?" काकासाहेबांनी भुवया उंचावल्या.

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली.

"अमेरिकन."