न हलणारी ट्रॉली

वाचकहो, प्रारंभीच एक विधान करतो आणि ते अखेरपर्यंत मागे घेणार नाही: माझ्या हातून उभी राहिलेली कोणतीही वस्तू आजवर कोसळलेली नाही! तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हयात घालवली. घरातील मांडण्या, जिना, फाटक, झोपाळा हे सर्व निवृत्तीनंतरचे माझे काम आहे. झोपाळा इतका भक्कम झाला आहे की तो हलत नाही, अशी सौ. सुचित्राची तक्रार असते. मी ती प्रशंसा समजतो.

बादल राठोड हा महागावजवळच्या तांड्यावरचा मुलगा. शाळेसाठी तो यवतमाळात आमच्या मागच्या खोलीत राहत असे. अंगणात कपडे वाळत घालण्यासाठी मी एक लोखंडी दांडी बसवली होती. तिच्यावर कपडे कमी आणि बादलच अधिक वाळला! पुढे व्यायामशाळा, मग राज्याच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय शिबिर अशा पायऱ्या चढत तो भारताच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघाच्या दाराशी येऊन पोहोचला. संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन मुले होती. त्यांपैकी एक आमचा बादल.

नेमके त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीचे, पायलचे लग्न निघाले. प्रशिक्षकांनी रजा दिली, पण अट घातली. सिंगल बारवरची संपूर्ण कसरत, कुठेही न कापता, मोबाइलवर चित्रित करून शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. खाली उतरल्यावर पाऊल हलता कामा नये. दुसऱ्या मुलाची कसरत त्यांनी शिबिरातच पाहून ठेवली होती.

बादलचा फोन आला. "काका, इकडं कुठं सिंगल बार भेटंल का हो?"

"भेटेल कशाला? मी उभा करतो!"

आतून सुचित्रा म्हणाली, "झोपाळ्यासारखा करू नका म्हणजे झालं."

मी त्याच दुपारी आराखडा काढला. बारची दांडी खेळाडूच्या वजनाने वाकली पाहिजे आणि लगेच सरळ झाली पाहिजे, असे बादलने सांगितले तेव्हा मला काहीसा मानसिक त्रास झाला. पण नियम तो नियम. दांडी वाकेल, बाकी काहीही हलणार नाही, असे मी ठरवले. लोहाऱ्याला जुन्या ओळखीच्या कारखान्यात योग्य पोलाद मिळाले आणि ते घेऊन मी व सुचित्रा लग्नघरी, तांड्यावर पोहोचलो.

खरी अडचण जमिनीची होती. तांड्यावरची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि हिवाळा सरता सरता तिला अशा भेगा पडतात की त्यांत चप्पल जाते. अशा मातीत पुरलेला खांब दुधाच्या दातासारखा डुगडुगतो. त्यामुळे मी खांब पुरलेच नाहीत. लोखंडी चॅनलची एक रुंद चौकट जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर खांब जोडले. तराफा पाण्यावर जसा राहतो तशी ती चौकट मातीवर राहणार होती.

आता खांबांना दोन्ही बाजूंनी तारेचा ताण हवा. एका बाजूला जुना कडुलिंब मिळाला. त्या बाजूच्या तारांत मी मुद्दाम एक कमकुवत कडी बसवली. प्रत्येक यंत्रात असा एक दुवा असावा. म्हणजे जे तुटायचे ते आपण ठरवलेल्या जागीच तुटते. दुसऱ्या बाजूला मात्र कापसाने शिगोशीग भरलेल्या एका ट्रॅक्टर-ट्रॉलीखेरीज काहीच नव्हते. ती बादलच्या वडिलांची.

"खेमसिंगजी," मी विचारले, "ही ट्रॉली केव्हा हलणार?"

"कायची हालते, साहेब! व्यापारी मातीमोल भाव देऊन राह्यले. भाव चढल्याबिगर हे ट्रॉली इंचभर हालनार नाही. जबानीचा सवाल हाय."

बादलची आई हंसाबाई चुलीपासून म्हणाली, "भाऊ, मांडवाच्या मधात येऊन राह्यली म्हून मी म्हनलं, ट्रॉली हलवा. तर हे म्हनते, मांडव हलवा!"

मांडव खरोखरच ट्रॉलीला वळसा घालून टाकलेला होता. वाचकहो, इतकी स्थिर वस्तू मी नोकरीच्या काळातही पाहिली नव्हती. मी दोन्ही तारा ट्रॉलीला बांधल्या. ट्रॅक्टर पुढे जोडलेलाच होता. तो सोडवावा का, असे खेमसिंगने विचारलेही. मी म्हणालो, "असू द्या. तेवढेच वजन वाढते."

हे वाक्य माझे आहे. ते मी नाकारत नाही.

शनिवारी दुपारी सारा तांडा जमला. बारखाली मांडववाल्याच्या गाद्या अंथरल्या. मी पाणसळ, म्हणजे समतलपणा दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, ठेवून चौकट तपासली. बुडबुडा बरोबर मध्यभागी होता. बादलचा मोबाइल पायलच्या हाती दिला. बादलने तळहातांना पांढरी भुकटी चोळली आणि आईच्या पाया पडला.

"याडी, ये आता पाहाले."

"मी पाहातो रे बाबा, पन तुहा बाप पाहात नाही," हंसाबाई म्हणाली. "तुले उलटा लटकलेला पाहून त्याच्या छातीत धडधड होते."

ते खरे होते. मुलाच्या आयुष्यातली एकही कसरत खेमसिंगने डोळे उघडे ठेवून पाहिलेली नव्हती. तो ट्रॅक्टरच्या सीटवर आमच्याकडे पाठ करून बसला. "झालं की टाळ्या वाजवजा. मले समजते."

बादल बारवर चढला. आमच्या अंगणातल्या दांडीवर माकडासारखा लोंबकळणारा तो मुलगा आता घड्याळाच्या काट्यासारखा ताठ फिरत होता. दांडी वाकत होती, सरळ होत होती. खांब मात्र निश्चल! मग त्याने बार सोडला, हवेत कोलांटी घेतली आणि पुन्हा बार पकडला. तांड्याने असे काही कधी पाहिलेच नव्हते. टाळ्यांचा कडकडाट झाला!

पाठमोऱ्या खेमसिंगला वाटले, कसरत संपली.

त्याच क्षणी त्याचा चुलतभाऊ देवीलाल मोटारसायकलवरून ओरडत आला. "दादा! महागावले भाव चढला! लिलाव चालू हाय! उशीर केला तं गेला भाव!"

खेमसिंगने ट्रॅक्टर सुरू केला.

"थांबा!" मी ओरडलो. पण मांडवात लाउडस्पीकर लागलेला होता. ट्रॉली हलली. तारा ताणल्या. कडुलिंबाकडची कमकुवत कडी 'टक्' असा आवाज करून तुटली, अगदी मी ठरवलेल्या जागी आणि ठरवलेल्या रीतीने. आणि माझा बार, तराफ्यासारख्या चौकटीवर ताठ उभा, काळ्या मातीवरून ट्रॉलीमागे निघाला!

बादल तेव्हा बारवर उलटा होता. गाद्या मागे पडल्या होत्या. त्याने आणखी एक फेरा पुरा केला, पुढच्या झोक्याला हात सोडले, हवेत दोनदा फिरला आणि ट्रॉलीतल्या कापसात उभा उतरला. कमरेपर्यंत रुतला! पाऊल हलण्याचा प्रश्नच नव्हता. शिस्त अशी की त्याने दोन्ही हात वर केले, आणि तसाच हात वर केलेल्या स्थितीत तो मांडवाला वळसा घालून दिसेनासा झाला.

"कुठं गेला हो तो?" सुचित्राने विचारले.

"महागावला," मी म्हणालो.

मी थोडे अंतर धावलो. मग देवीलालने मला मोटारसायकलवर घेतले. रस्त्यात जो भेटे तो खेमसिंगकडे पाहून हात हलवत होता, ओरडत होता, मागे बोट दाखवत होता. पोरीच्या लग्नाच्या शुभेच्छा समजून खेमसिंग प्रत्येकाला मान लववून नमस्कार करत होता! वरून बादल "बा! रोक! बा!" म्हणून घसा फोडत होता, पण इंजिनापुढे ते ऐकू जाणार कसे? चालत्या ट्रॉलीवरून उडी मारणे त्याला काही अवघड नव्हते. पण घोट्याला काही झाले तर संघ गेला. तो कापसात हताश उभा राहिला.

बाजार समितीच्या आवारात ट्रॉली थांबली. खेमसिंग उतरला, मागे वळला, आधी बार पाहिला, मग कापसातून वर आलेला मुलगा पाहिला आणि मटकन खाली बसला.

"साहेब," तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे काहून आनलं तुम्ही इथं?"

इतक्यात आमची गाडी घेऊन सुचित्रा आली. बरोबर हंसाबाई आणि पायल. पायलचा चेहरा उतरला होता. तिने उत्साहाच्या भरात चित्रण कोणालाही न दाखवता प्रशिक्षकांना पाठवून दिले होते! त्यांचा फोनही लगेच आला होता.

"काय म्हणाले?" बादलने विचारले.

"म्हनले, 'ये बार चल क्यों रहा है?'"

"मग तू?"

"मी म्हनलं, मार्केट जा रहा है, सर."

बादलने डोके धरले. प्रशिक्षकांनी सांगितले होते: स्थिर बारवरचे चित्रण संध्याकाळपर्यंत आले तर ठीक, नाही तर दुसरा मुलगा. ऊन आधीच शेडच्या पत्र्यावरून खाली सरकले होते.

मी आवार नजरेखाली घातले. जमीन सिमेंटची, सपाट. चौकटीला काही झालेले नव्हते. एका बाजूला शेडचा खांब होता. दुसऱ्या बाजूला मात्र नुसत्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॉली लिलावाबरोबर पुढे सरकणारी.

"साहेब," खेमसिंग उठून म्हणाला, "माह्याच ट्रॉलीले बांधा."

मी ट्रॅक्टरकडे पाहिले. माझी नजर त्याला समजली असावी. त्याने ट्रॅक्टरची किल्ली काढून सुचित्राच्या हाती दिली. सुचित्राने ती पदराला गाठ मारून बांधली आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "हा भाग आधीच्या आराखड्यात राहिला होता."

हमालांनी रिकामे बारदान आणून बारखाली रचले. सुटी कडी माझ्या खिशात होतीच; ती बसवली. पाणसळ ठेवली. पायलने पुन्हा मोबाइल धरला. बादलने हात पुसले. चढला.

आणि लिलाव खेमसिंगच्या ट्रॉलीपाशी आला.

"राठोड, घ्या ट्रॉली पुढं!" व्यापाऱ्याचा माणूस ओरडला. "मागचे खोळंबून राह्यले!"

"हालनार नाही."

"अहो, नंबर जाईल ना तुमचा! भाव उतरून राह्यला!"

"उतरू दे," खेमसिंग म्हणाला. "पोरगं वर हाय माह्यं."

मागच्या ट्रॉल्या त्याच्या ट्रॉलीला वळसा घालून पुढे गेल्या. मांडवाने घातला होता तसाच वळसा. व्यापारीही पुढे गेले. खेमसिंग चाकाला हात लावून उभा होता. मान वर होती आणि डोळे उघडे होते. बादलने बार सोडला तेव्हाही खेमसिंगची पापणी लवली नाही. कापूस तोलणारे तोलायचे थांबले होते.

बादल उतरला. बारदानावर दोन्ही पावले एकत्र टेकली. ती हलली नाहीत.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे खेमसिंगकडे पाहत होते. त्यानेच प्रथम टाळी वाजवली. ती वाजवताना त्याला चाकावरचा हात काढावा लागला, आणि मी, अभियंत्याच्या सवयीने, ट्रॉली सरकते की काय म्हणून पटकन पाहिले. सरकली नाही.

पायलच्या हळदीच्या वेळी प्रशिक्षकांचा फोन आला. बादल संघात आला. हंसाबाईने हळदीचा हात माझ्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला आणि मी रागावलो नाही. कापूस मात्र परत आला. भाव पुन्हा उतरला होता. ट्रॉली तिच्या जुन्या जागी उभी राहिली आणि मांडवाचा वळसा पुन्हा योग्य ठरला.

येथे मी थांबलो असतो. परंतु पायलने पाठवलेले ते पहिले चित्रण शिबिरातून बाहेर पसरले आणि आता यवतमाळात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहे. त्यात बादल हात वर करून कापसातून निघून जातो. मागून बार जातो. आणि बारच्या मागे, पांढऱ्या सदऱ्यातील एक वृद्ध गृहस्थ, चालत्या चौकटीवर पाणसळ टेकवून वाकून धावताना दिसतात.

संघातील मुलांनी बादलला विचारले, "ये कौन है?" तो म्हणाला, "आमचे इंजिनिअर."

सुचित्रा ते चित्रण पाहुण्यांना झोपाळ्यावर बसवून दाखवते. लोक हसतात. हसोत. पण आजपर्यंत एकाही माणसाने मला आवश्यक तो प्रश्न विचारलेला नाही, म्हणून मीच सांगून ठेवतो: चौकट त्या वेळीही समतल होती. बुडबुडा मध्यभागीच होता!