दौलतमिस्त्रींची पंगत

दौलतमिस्त्रींनी एकदा चालत्या तिरडीचा खांदा सोडला. तिरडी आमच्या मालकांच्या, नथ्थूशेठच्या, काकांची. मागे अर्धा सिंधीपुरा मोहल्ला रडत होता. समोरून एक लॉरी खोकत गेली. मिस्त्रींनी कान टवकारले, आपली बाजू माझ्या, म्हणजे शेठजींच्या मुनीमाच्या, खांद्यावर लोटली आणि "थांबव रे! दोन नंबर उपाशी मरतोय!" असं ओरडत लॉरीमागे धावले. तिरडी अशी कलंडली की काका वाटेतच उतरतात की काय! काकूंना 'दोन नंबर' म्हणजे काकांची आणखी कुणी वाटली. त्यांचं रडणं जागच्या जागी आटलं.

मिस्त्रींच्या लेखी इंजिन म्हणजे पंगत. सहा सिलिंडर पानावर बसलेले. ठिणगी हे अन्न, डिस्ट्रिब्यूटर हा वाढपी, आणि त्यात गरगर फिरणारा बोटभर रोटर हा वाढप्याचा हात. वाढायचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. एका लग्नात कुणीतरी त्यांच्या हाती बुंदीचं ताट दिलं. ते याच क्रमानं वाढत गेले. पाचव्या पानावर वऱ्हाडाचा न्हावी होता, चौथ्यावर खुद्द नवरदेव. त्या दोन घराण्यांत अजून बोलणं नाही.

मिस्त्री आमच्या बुऱ्हाणपूरचे नव्हेत. संस्थानं विलीन होत होती, त्या दिवसांत शेठजींनी केळी वाहायला एका संस्थानाची लढाईतली पेट्रोल लॉरी लिलावात घेतली. संस्थान एवढंसं, की राजा शिंकला तर शेजारचं राज्य 'सत्य आहे' म्हणे. लॉरी घेतली खरी, पण चालू होईना. चौदा पैलवानांनी हँडल मारलं, आठ बैल जुंपले. लॉरी ढिम्म. बाजूला एक काटकुळा माणूस शांतपणे विडी ओढत होता.

"ती माझ्याशिवाय यायची नाही," तो म्हणाला आणि त्यानं खिशातून रोटर काढला. लढाईत हुकूम होता म्हणे, की शत्रूनं गाडी पळवू नये म्हणून रोटर काढून जवळ ठेवावा. त्या संस्थानाची वाट विचारता विचारताच जर्मन म्हातारा झाला असता, पण हुकूम तो हुकूम.

"अरे बाबा, लिलावात मी गाडी घेतली का तुला?" शेठजी ओरडले.

"दोघं मिळून एकच नग आहोत, मालक."

असे ते आमच्या वखारीत आले आणि लॉरीशेजारीच राहिले. घरी कोण कोण, असं विचारलं तर म्हणत, "सहा जण. बॉनेटखाली."

पुढे पुढे लॉरी कुरकुरू लागली. शेठजी म्हणाले, "मुंबईहून नवा संच मागवू का? चालू नाही होऊन राहिली गाडी."

"हिला बाहेरचं पचत नाही," मिस्त्री म्हणाले.

खरी गोष्ट वेगळी होती. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला तडा गेला होता. नवा संच बसवला की गाडी कुणाच्याही हातानं चालली असती, आणि मग मिस्त्रींना ठेवायचं कशाला? त्यांनी बांगडीवाल्याकडून लाख आणली, तडा बुजवला आणि तोंड मिटून घेतलं.

महिनाभर निभलं. मग एका दमट सकाळी आमच्या ड्रायव्हरनं, भिकानं, हँडल मारलं. ठिणगी तड्यातून पळाली आणि भलत्याच पानात पडली. हँडल उलटं फिरलं. भिकाचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आवाज वखारीच्या टोकाला मला ऐकू आला, आणि या वाक्यात मी काहीही वाढवून सांगत नाही.

"अंगठा वरून धरला असशील," शेठजी त्याला म्हणाले. मिस्त्री शेजारीच उभे होते.

हाड वाकडं जुळलं. चार लेकरांचा बाप, उजव्या हातात पाण्याचा तांब्या धरवेना. शेठजींनी दुसरा ड्रायव्हर बघायला घेतला. भिका वखारीत येऊन मिस्त्रींनाच म्हणाला, "चूक माझीच ना हो मिस्त्री. तुम्ही शंभर वेळा सांगितलं होतं, अंगठा खालून धर, हँडल उलटलं तर हात सुटतो."

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या गादीपाशी आले. "मुनीमजी, मुंबईला पत्र लिहा. झाकण, रोटर, पॉइंट, कंडेन्सर. सगळं."

संच आला तेव्हा त्यांनी भिकाला बोलावलं आणि पाना त्याच्या डाव्या हातात दिला.

"उलटा हात आहे मिस्त्री."

"मग उलट्यानं खोल. एका वेळी एकच वायर काढायची, तीच नव्या झाकणात घालायची, मग दुसरी. सगळ्या एकदम उपटल्यास तर पंगत उठली म्हणून समज. आता पॉइंट. फट पोस्टकार्डाएवढी. दुमडलेलं नाही, गाढवा, सरळ!"

तीनदा बसवून घेतलं, तीनदा खोलायला लावलं. जुना संच हातोड्यानं फोडला. चौथ्यांदा मिस्त्रींनी स्वतः हँडल मारलं. इंजिन इतकं हळुवार चालू झालं, जसं कुणी शेजारच्या खोलीत झोपलंय.

मग ते थेट शेठजींपुढे उभे राहिले. "अंगठा बरोबर होता. झाकणाला तडा होता, मला ठाऊक होता. आता मिस्त्रीचं काम भिका करेल. मी निघतो. मला संस्थानातून बोलावणं आलंय."

"संस्थान राहिलंय कुठं?"

"गॅरेज आहे. पत्र आलंय."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. वखारीचं सगळं टपाल माझ्या हातून जातं. इतक्या वर्षांत मिस्त्रींच्या नावाचं एक कार्डसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

"आलंय," मी म्हणालो. "मीच वाचून दाखवलं."

दुपारच्या गाडीला मी त्यांना पोचवायला गेलो. भिका येणार होता, पण मिस्त्रींनी त्याला कामावरून हलू दिलं नाही. हातात एक पिशवी. तिकिटाच्या खिडकीतून बाबूनं विचारलं, "कहाँ का?"

मिस्त्री उभेच राहिले. बाबूनं पुन्हा विचारलं. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मुनीमजी, त्या पत्रात कुठं यायला लिहिलंय?"

मागची रांग ओरडायला लागली होती. मला एकाही गावाचं नाव सुचेना.