लिंबाएवढं पाणी

रविवारी सकाळी सात वाजता अक्षदाने देवळामागच्या खोलीतली कळशी उघडली. कळशी रिकामी होती. गळ्यात बांधलेली चिठ्ठी मात्र जागेवर होती : ‘सुवार्ताच्या बाप्तिस्म्यासाठी. कृपया हात लावू नये.’

“आई, यातलं पाणी कुठं गेलं?”

“डाळीत घातलं की,” दुपारच्या पंगतीसाठी पेटवलेल्या चुलीपुढून तिच्या सासूबाई, सारजाबाई म्हणाल्या. “वीस मिनिटं उकळलेलं व्हतं ना ते? डाळ कशी झटक्यात शिजली बघ.”

“अहो, पण चिठ्ठी लावली होती मी!”

“अगं, हात न लावायचं लिहिलं व्हतं. मी फडक्यानं धरली.”

अक्षदाला रडावं की हसावं ते कळेना. ते साल दुष्काळाचं. शहर चारी दिशांनी फुगत चाललं होतं, शेतांच्या जागी सोसायट्या उठत होत्या आणि नळाला पाणी आठ दिवसांनी येत होतं. शनिवारची पाळी होती, तीही चुकली. त्यात गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ. बी.एस्सी. झालेल्या अक्षदाने लेकीच्या कपाळाला लागणारे ते चार थेंब आधी उकळले होते, मग चौपदरी फडक्यातून गाळले होते आणि वर झाकण ठेवून ती रात्रभर उशाशी घेऊन झोपली होती. लेक पाळण्यात, कळशी उशाशी. पहाटे तिने ती देवळात आणून ठेवली होती.

“टाकीतलं घेऊ की,” चर्चचे पाळकसाहेब दारातून म्हणाले. “कालच टँकर रिकामा केलाय.”

“त्यात बारीक किडे वळवळतात, साहेब. मी बॅटरी लावून बघितलं. उकळले तरी किडे ते किडेच.”

पाळकसाहेबांनी टाकीकडे पाहिलं. ते रोज तेच पाणी पीत होते. त्यांनी हातातला पेला हळूच खिडकीत ठेवला.

आता उपाय एकच होता. पाळकबाई घरून निघाल्या नव्हत्या, त्यांच्याकडे पाणी उकळायचं मशीन होतं. कडेवर रडणारी पोर, एका हातात फोन, अशा अवस्थेत अक्षदाने घाईघाईने लिहिलं : ‘बाप्तिस्म्याला पाणी नाही. येताना एक तांब्या आणा.’ अंगठा जिथे पडायचा तिथे पडला आणि निरोप गेला. पाळकबाईंना नव्हे, ‘सहभागिता’ या ग्रुपवर. ती चूक पुसायला गेली, तर पोरीने लाथ मारली आणि तोच निरोप ‘खरी सहभागिता’ या ग्रुपवरही गेला; बाप्तिस्म्याच्या निमंत्रणासाठी पाळकसाहेबांनी तिला दोन्हीत घातलं होतं.

एका मंडळीचे दोन ग्रुप कसे, हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकच होता. मग कापणीचा सण आला. त्या सणाला प्रत्येक जण आपल्या पिकातलं काही देवापुढे आणून ठेवतो. सारजाबाईंचा धाकटा भाऊ कडुबा फुलंब्रीला शेती करायचा. त्या वर्षी त्याच्या रानात काही म्हणता काही आलं नाही. एक भोपळा आला, तोही पाण्यावाचून खुरटलेला. त्याने तो धुऊन, पुसून, धोतराच्या टोकात बांधून आणला. सारजाबाईंनी भर मंडळीत विचारलं, “कडुबा, हा भोपळा हाय का लिंबू?”

सगळे हसले. कडुबा हसला नाही. तो उठला आणि मधली वाट ओलांडून उजवीकडच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या मागोमाग फुलंब्री-सोयगावकडून शहरात आलेले सगळे उठले. तेव्हापासून शहरातल्या छावणी भागातले जुने रहिवासी, म्हणजे छावणीवाले डावीकडे, गाववाले उजवीकडे. गाववाल्यांनी वेगळा ग्रुप काढला, पण नाव सोडायला कुणीच तयार होईना, म्हणून त्यांनी पुढे ‘खरी’ जोडलं. पाळकसाहेब दोन वर्षं दोन्ही ग्रुपवर ऐक्याची वचनं टाकत होते. दोन्हीकडून त्यांना जोडलेले हात येत होते, वेगवेगळे.

बहीणभाऊ तेव्हापासून बोलत नव्हते. भाचीची पोर चार महिन्यांची झाली तरी कडुबाने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. भाची म्हणजे भाच्याची बायको, अक्षदाच हो, पण सारजाबाईंच्या माहेरी भाचेसुनेला भाचीच म्हणत.

साडेनऊला पहिली आली ती छावणीची मंडळी, हातात तांब्या घेऊन. पाठोपाठ गाववाले, हातात तांब्या घेऊन. मग रिक्षा, मोटारसायकली, पायी; जो येईल त्याच्या हातात तांब्या. कुणाचा स्टीलचा, कुणाचा पितळी, कुणी प्लॅस्टिकचा जग, एकाने तर थर्मास आणलेला. ‘बाप्तिस्म्याला पाणी नाही’ हे वाचून प्रत्येक घराला वाटलं होतं, हा निरोप आपल्यालाच. आपण नाही नेलं तर लेकरू तसंच परत जाईल. आणि पलीकडच्यांचं पाणी लागलं तर? ते तर त्याहून वाईट!

“आमचं आधी आलंय,” डावीकडून कुणी म्हणालं.

“आधी आलं म्हणून काय झालं? आमचं विहिरीचं हाय. तुमचं जारचं.”

“जारचं निदान गाळलेलं तरी असतं!”

“गाळलेलं असतं की नळाचंच भरलेलं असतं, ते मालकालाच ठावं!”

अक्षदा मधोमध उभी होती, पोर छातीशी धरून. तिच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. विहीर, बोअर, टँकर, जार, हौद. साठ घरं, साठ प्रकारचं पाणी, त्यातलं न उकळलेलं किती? तिने पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, “कुणा एकाचं घेतलं, तर उद्या तिसरा ग्रुप निघंल.” मग मोठ्याने म्हणाले, “सगळ्यांचं घ्यायचं. एकेकानं पुढं या आणि ओता.”

बाप्तिस्म्याची पितळी वाटी तीन तांब्यांत भरली. मग भाताचं मोठं पातेलं आणून वेदीपुढे ठेवलं. रांग लागली. पातेलं मधोमध होतं, त्यामुळे डावीकडची रांग आणि उजवीकडची रांग पुढे जाऊन एकच झाली. सुरुवातीला कुजबुज होती, मग तीही थांबली. फक्त पाण्याचा आवाज येत राहिला.

अक्षदा मोजत होती, पण विसाव्या तांब्यानंतर मोजायचं राहून गेलं. ही माणसं भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसत होती, फरशी पुसलेलं पाणी गुलाबाला घालत होती. एक तांब्या म्हणजे कुणाची तरी सकाळची आंघोळ होती. प्रत्येक जण दोन्ही हातांनी धरून, एक थेंब बाहेर न सांडता ओतत होता आणि रिकामा तांब्या भिंतीकडेला ठेवत होता. खिडकीतून आलेलं ऊन पातेल्यात हलत होतं आणि छताच्या वाशांवर त्याची जाळी थरथरत होती. देवळात लहान मुलंसुद्धा गप्प वर बघत होती. 

रांगेत शेवटचा होता कडुबा. तो पातेल्यापाशी आला आणि थांबला. तांब्या ओणवा करेना.

“ओता ना, मामा,” पाळकसाहेब म्हणाले.

कडुबाने मान खाली घातली. “फुलंब्रीहून निघालो तवा काठोकाठ व्हता, साहेब. एसटीत एक पोरगी तहानेनं लई रडत व्हती.” त्याने तांब्या कलता करून दाखवला. आत काही नव्हतं.

डावीकडच्या पहिल्या बाकावरून सारजाबाई उठल्या. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा तांब्या होता. रांगेत नंबर येऊनही त्या अजून गेल्या नव्हत्या. त्या भावासमोर उभ्या राहिल्या.

“रिकामा तांब्या घेऊन देवापुढं हुबा राहतो व्हय रं? आईनं हेच शिकवलं?”

आणि आपल्या तांब्यातलं पाणी त्या त्याच्या तांब्यात ओतू लागल्या. धार वाकडी पडत होती.

“बास, आक्का, बास,” कडुबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “लई नगं. लिंबाएवढं पुरं.”

 मग सारजाबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं की दुसरं कशाचं, ते कुणी विचारलं नाही. दोघांनी एकदमच तांबे ओणवे केले.

पाळकसाहेबांनी ओंजळ भरून सुवार्ताच्या कपाळावर पाणी सोडलं, तीन वेळा. उकळून गार केलेल्या पाण्याच्या आंघोळीलाही किंचाळणारी पोर डोळे मोठे करून बघत राहिली. एक थेंब नाकावरून ओठावर आला. तिने जीभ बाहेर काढून तो चाटला. अक्षदाचा हात पुसायला पुढे गेला आणि अर्ध्यात थांबला. साठ घरं, तिला वाटलं. साठ घरं आहेत त्या थेंबात.

पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात वर केले, तोच डावीकडे एक फोन वाजला, उजवीकडे दुसरा. दोन्ही ग्रुपवर एकच निरोप होता : ‘नळाला पाणी आलं!!!’

“आमेन,” पाळकसाहेब पटकन म्हणाले, कारण त्यांच्या घरचाही नळ उघडाच होता.

मंडळी जी उठली, ती भिंतीकडेचा जो हाताला येईल तो तांब्या उचलून पळाली. भांडी भरून तीन वाजता सगळे परत आले. पातेल्यातलं पाणी घालून सारजाबाईंनी वरण वाढवलं (“उकळेल ना, आई?” “उकळंल गं, चांगलं वीस मिनिटं!”) आणि प्रीतिभोजनाची पंगत एकच बसली.

घोटाळा रात्री उघडकीला आला. तांब्यांवर नावं कोरलेली होती आणि प्रत्येक घरात दुसऱ्याच्याच नावाचा तांब्या होता. पुढचा आठवडाभर छावणीवाले गाववाल्यांची दारं वाजवत होते आणि गाववाले छावणीवाल्यांची. दार उघडलं की चहा आलाच.

सारजाबाईंच्या घरी ‘कडुबा’ असं कोरलेला तांब्या आला होता.

“घाईत उचलला गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “नाव कुठं वाचत बसू?”

 सासूबाई बारीक टायपाचं बायबल चष्म्याशिवाय वाचत, हे अक्षदाला ठाऊक होतं.

मंगळवारी कडुबा आला. हातात ‘सारजा’ कोरलेला तांब्या. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिकवण. म्हणून आत मूठभर शेंगदाणे. सारजाबाईंनी शेंगदाणे काढून घेतले, तांब्यात गूळ भरला आणि तो परत त्याच्याच हातात दिला.

“आक्का, हा तुझा तांब्या हाय.”

“मग? रिकामा कसा ठेवून घिऊ? पुढच्या वेळी आण.”

त्याला आता किती वर्षं झाली. सुवार्ता शाळेत जाते. तांबे अजून आपापल्या घरी पोचलेले नाहीत.