हार वाळल्यावर जाणाऱ्या शेंडेबाई

शेंडेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माळ्याकडे बघत. घरातली माणसं, भिंतीवरचे फोटो, नवा सोफा, सगळं नंतर. मान वर करून त्या विचारत, "तुमच्याकडे वापरात नसलेलं काय काय आहे?"

आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या सत्यनारायणाच्या प्रसादाला. प्रसादाची वाटी हातात आणि नजर माळ्यावर. बायकोला वाटलं, जळमटं दिसली. ती ओशाळून म्हणाली, "दिवाळीला साफ केला होता हो."

"ते खोकं कसलं?"

"पोळ्या करायचं यंत्र. माझ्या भावानं दिलंय."

"छान. कधीपासून वर आहे?"

बायकोचा चेहरा उतरला. पण बाई थट्टा करत नव्हत्या. यंत्र खाली काढायला लावून त्या ओट्यापाशी ठाण मांडून बसल्या. कणीक सैल लागते का? झाकण दाबताना कुठला हात वापरता? तेवढ्या वेळात तव्यावरची पोळी करपते का? बायकोनं आधी चार शब्दांत उत्तरं दिली, मग चाळीस वाक्यांत. बाहेर गुरुजी दक्षिणेसाठी ताटकळले होते. बाई गेल्यावर बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून मला इतकं कुणी विचारलं नव्हतं." हा टोमणा कुणाला होता ते मला कळलं.

बाई आणि मी शेतीअवजारांच्या एका संशोधन संस्थेत होतो. मी ड्राफ्ट्समन, म्हणजे इंजिनियरांच्या डोक्यातली यंत्रं कागदावर उतरवणारा. बाई स्वतः इंजिनियर, पण त्यांच्याकडे मूल्यमापन होतं. संस्थेनं काढलेल्या नव्या यंत्राचा लोकांना उपयोग होतो की नाही, हे बघायचं. संचालकसाहेबांच्या मते हे काम सोपं होतं: किती यंत्रं वाटली, किती पेटंटं घेतली, किती पाहुणे येऊन गेले, ते मोजायचं. बाईंची पद्धत वेगळी. यंत्राचं उद्घाटन व्हायचं, त्याला झेंडूचा हार घातला जायचा, फोटो निघायचे. बाई त्या दिवशी हटकून गैरहजर. "हार वाळला की जाते," म्हणायच्या. आणि खरंच न कळवता जायच्या. एका मळणीयंत्राबद्दल त्यांनी अहवालात एवढंच लिहिलं होतं: 'यंत्र उत्तम स्थितीत आहे. हारही जागेवर आहे.'

वार्षिक सभेत साहेब अभिमानानं म्हणाले, "नावीन्याच्या बाबतीत आपली संस्था आघाडीवर आहे."

बाई उठल्या. "आहोतच. मागून कुणी येतंय का, तेवढं बघून सांगते."

अशा माणसाला बढती मिळत नाही. बाईंनाही मिळाली नाही. नारायण पेठेत त्या एकट्या राहायच्या, डबा एकट्याच खायच्या, आणि कुणी सहानुभूती दाखवायला लागलं तर त्याच्या घरचा मिक्सर कसा चालतो ते विचारायच्या.

मग कदमचं प्रकरण झालं.

कदम आमच्याकडचा हुशार इंजिनियर, नुकताच तिशी ओलांडलेला. ऊस लावायचा तर कांडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, काढून घ्यावे लागतात. बायका ते कोयत्यानं काढतात आणि बोटं कापून घेतात. कदमनं त्यासाठी पायानं दाबून चालवायचं यंत्र केलं. सुरेख होतं. त्याची चित्रं मीच काढली होती. मांजरी गावच्या काही मळ्यांत ती यंत्रं दिली, आणि साहेबांनी ठरवलं की कदमचं नाव मोठ्या बक्षिसाला पाठवायचं. त्याला बाईंचा अहवाल जोडायचा होता.

"चला जोशी," बाई मला म्हणाल्या. "चित्रं तुमची आहेत, तुम्हीही बघा."

मांजरीत आम्ही तात्या म्हणून एका बागायतदाराच्या मळ्यावर गेलो. तात्यांनी आम्हाला थेट ओसरीवर नेलं. तिथं यंत्र उभं होतं. हळदकुंकू लावलेलं, चकचकीत.

"हे झालं देवघरातलं," बाई म्हणाल्या. "आता कामाचं दाखवा."

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं, डोकं खाजवलं आणि गोठ्यामागं नेलं. चिंचेखाली बायका गोल करून बसल्या होत्या. मधे एका फळीवर आमचंच दुसरं यंत्र, पण त्याचे पाय कापलेले, आणि खालच्या पायट्याच्या जागी हातानं ओढायचा लांब दांडा. डोळे टपाटप पडत होते आणि गप्पा जोरात चालल्या होत्या.

"उभ्यानं दिसभर एका पायावर कोण नाचंल?" तात्या म्हणाले. "बाया न्हाई म्हनल्या. मंग वेल्डरकडं न्हेलं. आता बसून चालतंय. झ्याक हाय."

"आणि कदमसाहेब येतात तेव्हा?"

"तवा ओसरीवरचं काढतो. बाया चालवत्यात उभ्यानं, तेवढ्यापुरतं. लई जीव हाय वो साहेबांचा त्याच्यावर. सांगू नका त्यांना. वाईट वाटंल."

परतताना जीपमध्ये बाईंनी वही उघडलीही नाही. मला वाटलं होतं, त्या खूश होतील.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. 'यंत्र वापरात आहे. मूळ रूपात नाही. लोकांनी ते टाकून न देता सुधारून घेतलं, ही यंत्राची मोठी लायकी समजावी. श्रेय कदम आणि मांजरीकर, दोघांचं.' बाईंच्या लेखणीतून इतकी स्तुती कधी उतरली नव्हती. पण साहेबांना त्यात एकच वाक्य दिसलं: मूळ रूपात नाही. बक्षिसाचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

कदम बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मी स्वतः पाहिलंय बायकांना पायानं चालवताना!"

"तुम्ही असताना," बाई म्हणाल्या.

"एवढं एक वाक्य गाळलं असतं तर तुमचं काय जाणार होतं?"

बाईंनी समोरची फाईल उघडली. कदम कामावर यायचा थांबला. राजीनामा देणार, अशी बातमी पसरली. कचेरीत सगळे बाईंकडे बघायचे, आणि बाई फायलीत बघायच्या.

रविवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. माळ्याकडे पाहिलंही नाही. "जोशी, कदमचं घर तुम्हाला माहीत आहे ना?"

कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर कदम आईबरोबर राहायचा. आईंनी बसा म्हटलं आणि चहा टाकायला आत गेल्या. कदम खिडकीकडे तोंड करून बसला.

"माझे वडील शिक्षक होते," बाईंनी एकदम सुरुवात केली. "अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. मी तेव्हा नुकती इंजिनियर झाले होते. त्यांच्यासाठी मी एक यंत्र केलं. टेबलाला अडकवायचं, कोपरानं दाबलं की कप तोंडाशी यायचा. अण्णा रोज संध्याकाळी माझ्यासमोर त्यानं चहा प्यायचे. आल्यागेल्याला दाखवायचे, माझ्या मुलीनं केलंय म्हणून."

कदमनं मान वळवली.

"अण्णा वारल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी कामावर गेले की अण्णा यंत्र काढून ठेवायला लावायचे. डाव्या हातानं बशीतून प्यायचे. यंत्रानं मान अवघडायची म्हणे. खूप दुखायची. मला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत, काकूंनाही बोलू दिलं नाही." बाईंनी कदमकडे पाहिलं. "शेवटपर्यंत रोज संध्याकाळी मी समोर बसून कौतुकानं बघत होते, कदम. कुणी एका शब्दानं बोललं असतं तर मी दुसऱ्या दिवशी ते नीट केलं असतं."

खाली बोळातून 'भांड्याला कल्हई' असं ओरडत कल्हईवाला गेला. मग कदमनं विचारलं, "नंतर केलंत नीट?"

"कुणासाठी करणार?"

कदम उठला. मला वाटलं, आता आम्हाला जायला सांगणार. त्यानं कपाटातून कोरे कागद काढले आणि बाईंच्या समोर बसला.

"मॅडम, कप वरून यायचा की बाजूनं?"

"वरून."

"मग मान मागे करावी लागत असणार."

"हो."

"बाजूनं आणला असता तर?"

बाईंनी पर्स चाचपून चष्मा काढला. "बाजूनं आणला तर सांडतो. मी बघितलं होतं करून."

"मधे सांधा दिला तरी?"

बाईंनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि दोघं कागदावर वाकले. चहा आला, निवला. राजीनाम्याचं नाव कुणी काढलं नाही. मी निघतो म्हणालो तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

मला मंडईत भाजी घ्यायची होती. दारात चपला घालत होतो तेव्हा कदमच्या आई हळूच बाहेर आल्या.

"कुणासाठी चाललंय हो हे एवढं?"

"बाईंच्या वडिलांसाठी," मी म्हणालो.

"अगंबाई! मग जेवूनच जाऊ देत त्यांना," असं म्हणत त्या तांदूळ धुवायला आत गेल्या.