न कापता पाहणारे गुलाबराव

अमरावतीचे आमचे शेजारी गुलाबराव टरबूजसुद्धा कापून दाखवू देत नसत. विक्रेत्याने सुरी उचलली की त्याचा हात धरत. "कापून तं कोनीबी सांगते. पाहून सांग ना." मग स्वतःच एक निवडत. घरी ते आतून पांढरं निघे. "उद्या लाल होते," म्हणत.

मुलांनो, हे गृहस्थ मूळचे शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे व्यापारी. झाडावरची फळं नुसती पाहून अख्खा बगीचा घ्यायचे. ही गोष्ट घडली त्या वर्षांत पाऊस नव्हता; विहिरी आटल्या आणि लोक संत्र्याची वाळलेली झाडं तोडू लागले. कुऱ्हाडीचा आवाज आला की गुलाबराव आपली स्कूटर दुसऱ्या रस्त्याने नेत.

त्यांची बायको कमलताई. तिचं पोट कित्येक महिने दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून आतला तुकडा काढू, कर्करोग नाही ना ते तपासू. गुलाबराव अडून बसले. "तुकडा काहून तोडता? डोये नाहीत का तुमाले?"

मला गोष्टी लोंबकळत ठेवणं जमत नाही. चौकशी केली. अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नवी दुर्बीण आली होती. तिच्या खास निळसर प्रकाशात पोटाच्या अस्तरावरच्या बारीक शिरा स्पष्ट दिसतात, आणि बरेचदा तुकडा न काढताच रोग ओळखता येतो.

"पाहा वहिनी," मी हे सांगताच गुलाबराव खुलले, "कोनीतरी शायनं निघालं."

"यायले टरबूज समजत नाही," कमलताई म्हणाली, "अन् माह्यं पोट समजते म्हने."

अकोल्यात गुलाबरावांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं, "घाई करू नका. चारी बाजूनं पाहा." कमलताई चपला दाराशी काढून आत गेली आणि दार बंद झालं.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. "बाकी सगळं ठीक दिसतंय. एका जागेची मात्र शंका येते. तिथला तुकडा घ्यावा लागेल."

मी वाद मिटवायला उठून उभी राहिले.

"घ्या," गुलाबराव म्हणाले. "लागले तं दोन घ्या. पन तिले दुखू देऊ नका."

पुढे त्यात साधी सूज निघाली. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कमलताई भिंतीला धरून अनवाणी बाहेर आली. तिच्या चपला दाराशी नव्हत्या. इतका वेळ त्या गुलाबरावांच्या काखेत होत्या. भरल्या व्हरांड्यात ते खाली बसले आणि एकेक चप्पल तिच्या पायात घालू लागले.

"लोकं पाहून राहिले ना," ती पुटपुटली.

"पाहू दे."