दर नागरिकामागे चार

समाज किती सुरक्षित आहे हे दर हजार लोकांमागे पोलीस किती यावरून ओळखावं, असं जाणकार सांगतात. आमच्या वस्तीत हे प्रमाण हजारामागे एक आहे. तो एक म्हणजे माझे बाबा, हवालदार. (पोट धरून दीड.)

आमच्या घरात मात्र लोकसंख्या एक, म्हणजे मी, आणि बंदोबस्ताला चौघं: आई, आत्या, दादा आणि ड्युटी संपली की बाबा. इतकं दाट पोलीसबळ इतरत्र कुठे नसावं, याचा मला अभिमान आहे. खर्चही नगण्य. आत्या तर निव्वळ चहावर तासभर चौकशी करते. गुन्हे शून्य. शून्य आहेत म्हणून बंदोबस्त यशस्वी, आणि यशस्वी आहे म्हणून तो कमी करता येत नाही.

शनिवारी नाटकाच्या तालमीला सायकलवरून एकटीनं जाण्याचा अर्ज मी तोंडी सादर केला. राणीचं काम माझं होतं. तालीम चुकली की ते वर्गातल्या चोंबडीला जाणार होतं.

"एकटी?" आई म्हणाली.

"अगं, चार गल्ल्या. तेही दिवसाढवळ्या."

"तुझ्यावर विश्वास आहे गं बाई, लोकांवर नाही," आत्या म्हणाली. (म्हणून लोक मोकळे आणि आत मी.)

"जाऊ द्या तिला," बाबा म्हणाले. हुकूम सुटला.

पहिल्या वळणावर दादा बुटाची नाडी बांधत होता. (पायात चपला.) दुसऱ्यावर आत्या, शिंप्याच्या बंद दुकानासमोर. पुढे आई टोमॅटो निवडत होती, पिशवी न आणता. तालमीच्या दाराशी बाबा वाहतूक सुरळीत करत होते. वाहन एकच होतं, माझी सायकल.

घरी दुसरं कुणीतरी आहे, असं प्रत्येक जण धरून चालला होता. चोरानं मात्र खात्री करून घेतली. तो टीव्ही आणि मिक्सर घेऊन गेला. शेजारी चौकीकडे धावले. हवालदार जागेवर नव्हते.

रात्री जेवताना चौकशी समिती बसली. चोरी का झाली? मी घराबाहेर पडले म्हणून. निष्कर्ष एकमतानं: तालीम बंद. राणी आता चोंबडी.

वाचकहो, तुम्ही हसलात, आभारी आहे. पण हसता हसता "हिनं तरी एकटीनं जायचा हट्ट कशाला धरावा?" असं क्षणभर मनात आलं असेल, तर अभिनंदन. सोमवारपासून रुजू व्हा.